अकरा हजार यूजर आणि रोजचे डबे ३४०: गाडी नफ्यात कशी आणायची?

कर्वेनगरी | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विभाग चुकला असेल तर हलवा.

मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून तीन वर्षांपूर्वी घरगुती डब्यांचं अ‍ॅप सुरू केलं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि आता थोडं बाणेर. घरून स्वयंपाक करून देणाऱ्या ५२ काकू-मावश्या आमच्याकडे आहेत. जेवणारे म्हणजे होस्टेलची मुलं आणि आयटीवाले. अ‍ॅपवर नोंदणी केलेले लोक ११,००० झालेत, गेल्या वर्षी याच सुमारास ४,००० होते. मित्र हा आकडा भेटेल त्याला सांगतो, त्याच्या सासऱ्यांनाही सांगून झालाय.

अडचण अशी की पैसे उरत नाहीत. दर महिन्याचा खड्डा आदल्या महिन्यापेक्षा मोठा. मागच्या आठवड्यात बाणेरला एका गुंतवणूकदारांना भेटलो. त्यांचं म्हणणं, नफ्याचं आत्ता बघूच नका, आधी २५,००० यूजर करा, पिंपरी-चिंचवड घ्या, मग बोलू. मित्राला एकदम पटलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. बायको म्हणाली, छताकडे बघत बसण्यापेक्षा तुझ्या त्या फोरमवर विचार.

मोठमोठ्या कंपन्यांनाही वर्षानुवर्षं तोटाच होता ना? मग आमचं काही चुकतंय, की फक्त धीर कमी पडतोय?

बाजारबुणगा | सोमवार, रात्री ११.२६

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर.

बर्नरेट | सोमवार, रात्री ११.४१

धीरच कमी पडतोय, दुसरं काही नाही. अ‍ॅमेझॉन १९९४ साली सुरू झाली, १९९७ साली शेअर बाजारात आली आणि नफ्याची पहिली तिमाही उजाडली २००१ च्या शेवटी. उबर २०१९ साली बाजारात आली, पूर्ण वर्षाचा ऑपरेटिंग नफा पहिल्यांदा झाला २०२३ साली. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांच्या शेअरने बाजारात आली, वर्षभरात चाळिशीत घसरली, लोक तेराव्याचं जेवण कुठे आहे विचारायला लागले. एप्रिल-जून २०२३ च्या तिमाहीत २ कोटींचा का होईना, नफा दाखवलाच तिने.

आधी सवय लावायची, मग पैसे घ्यायचे. खराडीत दोन स्टार्टअपांत काम केलंय मी, एक बुडाली, एक तगली. तगली ती ज्यांनी मध्येच घाबरून हिशोबाची वही उघडली नाही ती.

खवट_पेठकर | मंगळवार, सकाळी ७.०५

आणि बुडाली त्यांनी वही उघडली म्हणून बुडाली? हलके घ्या.

पोळपाट | मंगळवार, दुपारी ३.१५

सदाशिव पेठेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, सतरा वर्षं झाली. मला यूजर वगैरे कळत नाही. एकच विचारते. त्या अकरा हजारांतले रोज जेवतात किती?

कर्वेनगरी | मंगळवार, दुपारी ३.४०

सरासरी ३४०, ताई. शीर्षकातच लिहिलंय की.

पोळपाट | मंगळवार, दुपारी ३.५२

शीर्षकात लिहिलंय, पण धाग्यात सगळीकडे अकरा हजारच म्हणताय. पंगतीला किती पानं वाढली ते मोजायचं असतं, पत्रिका किती छापल्या ते नाही.

कोथरूडकन्या | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

अय्या, हे अ‍ॅप मी वापरते! बुधवारची भरली वांगी करणाऱ्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

आता एक कबुली. त्या ११,००० मध्ये माझा, नवऱ्याचा, आईचा आणि सासूबाईंचा असे चार नंबर आहेत. पहिला डबा ४९ ला मिळतो ना, म्हणून. सासूबाई नाशिकला असतात. 🙈

कर्वेनगरी | मंगळवार, संध्याकाळी ६.४८

हे वाचून मित्राला फोन केला. तो म्हणे, 'पण एंगेजमेंट तर आहे!' म्हणजे लोक अ‍ॅप उघडून बघतात तरी.

ताळेबंद | मंगळवार, रात्री ९.३०

व्यवसायाने सीए आहे, त्यामुळे कोरडं बोलेन. एका डब्याचा हिशोब इथे मांडा. महिन्याचा नको, अकरा हजारांचा तर नकोच. गिऱ्हाईकाकडून प्रत्यक्ष हातात किती येतात आणि तो एक डबा त्याच्या दारात ठेवेपर्यंत किती जातात.

कर्वेनगरी | मंगळवार, रात्री १०.१५

छापील किंमत ११०. कूपन, पहिला डबा ४९, 'मित्राला आणा' हे सगळं धरून सरासरी हातात येतात ८८. काकूंना ७०. पोचवणाऱ्याला ३८. डबी-पिशवी-चमचा ६. पेमेंट गेटवे २. एकूण ११६.

म्हणजे डब्यामागे २८ चा खड्डा. महिन्याला २६ दिवस धरले तर ८,८४० डबे, २ लाख ४७ हजार. त्याशिवाय ऑफिस, पगार, सर्व्हर मिळून २ लाख १०.

इतकं सरळ आम्ही कधी मांडलंच नव्हतं. आमच्याकडे डॅशबोर्ड आहे, त्यात सगळ्या रेघा वर जातात.

ताळेबंद | मंगळवार, रात्री १०.२४

जीएसटी कुठे आहे?

कर्वेनगरी | मंगळवार, रात्री १०.३१

तो आमचे सीए भरतात. वेगळा खर्च म्हणून धरला होता.

ताळेबंद | मंगळवार, रात्री ११.०५

वेगळा नाही तो. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून जाणाऱ्या रेस्टॉरंट सेवेवरचा ५ टक्के कर प्लॅटफॉर्मनेच भरायचा असतो, पलीकडे स्वयंपाक करणाऱ्याची नोंदणी असो वा नसो. त्या ८८ मधले ४ रुपये १९ पैसे तुमचे कधी नव्हतेच. खड्डा ३२ चा आहे.

आता मूळ प्रश्न. तोट्याच्या दोन जाती असतात. एक नगामागचा, दुसरा दुकानामागचा. अ‍ॅमेझॉनचं उदाहरण सगळे देतात, पण अ‍ॅमेझॉन पुस्तक विकायची ते खरेदीपेक्षा जास्त किमतीला. तोटा व्हायचा तो गोदामं, माणसं, जाहिराती आणि नवनव्या देशांत पसरण्याचा. शिवाय गिऱ्हाईक पैसे आधी द्यायचं आणि माल पुरवणाऱ्याचं बिल कंपनी नंतर भरायची, त्यामुळे हातात रोकड खेळती राहायची. हा दुकानामागचा तोटा. याला वाढ हेच औषध, कारण तेच भाडं जास्त नगांवर वाटलं जातं.

तुमचा नगामागचा आहे. तिथे विक्री वाढली की तोटाच वाढतो. त्या सद्गृहस्थांचं ऐकून २५,००० यूजर केलेत तर याच प्रमाणात रोजचे ७७० डबे होतील आणि नुसत्या डब्यांवर महिन्याला साडेसहा लाख जातील. ऑफिसचं भाडं वेगळं. ते बिचारे वाईट सांगत नाहीयेत. त्यांच्यासारखे लोक दहा ठिकाणी पैसे लावतात, त्यातल्या एकाने हात दिला की भागतं. तुमच्याकडे दहा नाहीत, एकच आहे.

बर्नरेट | बुधवार, सकाळी ९.५०

हिशोब बरोबर, निष्कर्ष अर्धवट. ते ३८ रुपये काय दगडावरची रेघ आहे? ऑर्डरी वाढल्या की एकाच फेरीत दोन-तीन डबे जातात, पोचवण्याचा खर्च उतरतो. म्हणजे नगामागचा तोटाही वाढीने कमी होतोच. सगळ्या डिलिव्हरी कंपन्या याच जोरावर उभ्या आहेत.

ताळेबंद | बुधवार, दुपारी १.१०

मान्य, शंभर टक्के. पण ती वाढ एकाच गल्लीतली हवी. कर्वेनगरात एका सोसायटीत तीनाचे तेरा डबे झाले तर खर्च उतरेल. बाणेरला नवे पन्नास सापडले तर चढेल. दोन्हीचा आकडा डॅशबोर्डवर 'यूजर वाढले' असाच दिसतो, हीच तर मेख आहे.

तुम्ही झोमॅटोचं नाव घेतलंत म्हणून सांगते. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी सुमारे २२५ लहान शहरांतून काढता पाय घेतला. त्या सगळ्या शहरांचा मिळून धंद्यातला वाटा होता ०.३ टक्के. नकाशावरचे २२५ ठिपके पुसले आणि मग काही महिन्यांनी तो २ कोटींचा नफा दिसला. त्यातही ठेवी-गुंतवणुकीवरच्या उत्पन्नाचा हात मोठा होता. ऑगस्ट २०२३ पासून ऑर्डरमागे २ रुपये प्लॅटफॉर्म फी लावली, ती पुढे वाढतच गेली. दोन रुपयांनी कोणी अ‍ॅप सोडत नाही, पण ते सरळ तिजोरीत पडतात. शिवाय त्यांना रेस्टॉरंटकडून कमिशन मिळतं, जाहिरातीचे पैसे मिळतात. तुम्ही काकूंकडून जाहिरातीचे पैसे घेणार आहात का?

आणि तिथलं बिल मोठं असतं हो. मोठ्या बिलात पोचवण्याचा खर्च जिरून जातो, ११० च्या डब्यात ३८ कुठे जिरणार?

खवट_पेठकर | बुधवार, दुपारी १.३२

काकूंच्या जाहिरातीची कल्पना वाईट नाही. 'आमच्या वरणाला हिंग जास्त. पटलं तर घ्या.'

बाजारबुणगा | बुधवार, रात्री ८.४५

रुमाल उचलतो. बँकेत चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे आणि बाजारात हात भाजून घेण्याचा छंद जडलाय. एका नावाजलेल्या अ‍ॅपचे शेअर आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाच, घेऊन बसलोय. कुठल्या ते विचारू नका, घरीही सांगितलेलं नाही.

गर्दी आणि गल्ला यांचा संबंध नसतो हे बघायचं असेल तर यूपीआयकडे बघा. २०१६ साली आलं, ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच महिन्यात १,००० कोटी व्यवहारांच्या पुढे गेलं. मंडईतल्या कोथिंबिरीच्या गाड्यावरसुद्धा क्यूआर कोड. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, शून्य आहे. सगळं गाव अंगणातून जातंय आणि तिकीट मात्र लावायचं नाही! मग यूपीआयची अ‍ॅपं चालवणाऱ्या कंपन्यांनी काय केलं? ती 'रुपये प्राप्त हुए' ओरडणारी पेटी दुकानदाराला महिन्याच्या भाड्याने दिली. कर्ज, विमा विकायला घेतला. रिचार्जवर एक-दोन रुपये लावले. म्हणजे गर्दी एका कामासाठी येते, पैसे दुसऱ्याच कामात मिळतात, आणि ते दुसरं काम जमेलच असं नाही. पेटीएमचा १८,३०० कोटींचा आयपीओ नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, २,१५० चा शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्क्यांनी आपटला. बाजाराचा प्रश्न तुमच्या पोळपाटताईंचाच होता: जेवतात किती?

आपल्या पुण्याचीच फर्स्टक्राय घ्या. २०१० पासूनची कंपनी, ऑगस्ट २०२४ मध्ये ४६५ रुपयांना बाजारात आली, पहिल्या दिवशी ६५१ ला उघडली. आदल्या आर्थिक वर्षाचा तोटा ३२१ कोटी. तरी टाळ्या का? कारण त्याच्या आधीच्या वर्षी तो ४८६ कोटी होता. तोटा असण्याबद्दल बाजार फारसा रागावत नाही, तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघतो. तुमचा चाललाय वर.

कोथरूडकन्या | बुधवार, रात्री ९.०२

बाजारबुणगाकाका, घरी काकूंना कधीतरी सांगा. नंतर कळलं तर जास्त महागात पडेल.

हिंजवडी_फेज_तीन | बुधवार, रात्री ११.३०

डन्झो आठवतंय का? सामान मागवायला लोक 'डन्झो कर' म्हणायचे, क्रियापदच झालं होतं. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्सने २० कोटी डॉलर घातले. पुढच्याच वर्षी पगार लांबले, २०२५ च्या सुरुवातीला अ‍ॅपच बंद. नाव तोंडात बसलं म्हणून डिलिव्हरीचा हिशोब बसला नाही.

अवांतर: त्याही आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, टायनीआउलच्या पुण्याच्या ऑफिसात काय झालं होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. नोकरकपात सांगायला आलेल्या सहसंस्थापकाला कर्मचाऱ्यांनी ऑफिसातच अडवून ठेवलं होतं, हिशोबाचे पैसे हातात पडेपर्यंत. जेवण पोचवणारीच कंपनी होती ती. कर्वेनगरी, घाबरवत नाहीये, पण तुमच्या माणसांचे दोन महिन्यांचे पगार बाजूला काढून मगच पुढचं बोला.

तीनचाकी | गुरुवार, रात्री १०.२०

वारज्यात रिक्षा चालवतो. सकाळी शाळेची मुलं, दुपारनंतर अ‍ॅपची भाडी. मोबाइलवर लिहितोय, चुकभूल माफ.

अ‍ॅपवाल्यांचं आधी ट्रिपमागे कमिशन कापायचं चालायचं. आता दिवसाचे ठरलेले पैसे घेतात, गिऱ्हाईक भाडं थेट माझ्या हातात देतं. उबरने रिक्षाचं कमिशन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं, रॅपिडोने त्याच्या आधी. आम्ही कमिशन कापू दिलं नाही म्हणून झालं ते. ट्रिप रद्द करून बाहेरच्या बाहेर पैसे घ्यायचो, कोण बघतंय. शेवटी त्यांनाही कळलं की भाडं मीटरमधून येतं, मोबाइलमधून नाही.

पण मला सांगायचं ते शाळेच्या रिक्षाचं. माझ्याकडे आठ वर्षं तीच गल्ली आहे. त्या गल्लीत नसलेलं मूल मी घेत नाही, जास्त पैसे दिले तरी. एका मुलासाठी पूल ओलांडला की डिझेल… म्हणजे आमचं सीएनजी, ते जातंच, पण बाकीची सगळी मुलं उशिरा पोचतात. आणि पैसे महिन्याचे, एक तारखेला, आधी. मूल आजारी पडलं तरी रिक्षा येते, म्हणून पैसे द्यायचेच. पालक कुरकुर करतात पण देतात. कारण सकाळी सात दहाला रिक्षा दारात असते, पाऊस असो नाहीतर पालखी.

तुम्ही डबा मागवेल तिकडे पळताय. शाळेच्या रिक्षासारखा मार्ग का नाही आखत?

पोळपाट | गुरुवार, रात्री १०.४१

तीनचाकीदादा, तुम्ही माझ्याकडे कधीही जेवायला या, पैसे नकोत.

ताळेबंद | गुरुवार, रात्री १०.५८

मी एवढा मोठा प्रतिसाद लिहिला आणि उत्तर या माणसाने दिलं. अनुमोदन.

बर्नरेट | गुरुवार, रात्री ११.३५

मार्ग आखा, पण एक सांगतो: मग ही 'स्टार्टअप' राहणार नाही, मेस होईल. मेसला व्हॅल्युएशन नसतं.

खवट_पेठकर | शुक्रवार, सकाळी ६.५०

मेसला गिऱ्हाईक असतं.

संपादक | शुक्रवार, सकाळी ११.००

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत सांगतो, 'मेस की स्टार्टअप' या वादासाठी वेगळा धागा काढावा.

कर्वेनगरी | शुक्रवार, रात्री १०.००

सगळ्यांचे आभार. धागा आई, बायको आणि मित्र यांना वाचायला दिला. मित्र दोन दिवस बोलत नव्हता, आज बोलला. काय होतंय ते कळवतो.

*(साडेतीन महिन्यांनंतर)*

कर्वेनगरी | रविवार, दुपारी ४.३०

धागा वर काढतोय. कळवतो म्हणालो होतो.

बाणेर बंद केलं. कूपनं बंद केली. डब्याची किंमत १२० केली, आणि महिन्याचे पैसे आगाऊ. पाच मार्ग आखले, प्रत्येक मार्गावर एक मुलगा, ठरलेली वेळ. आधी पोचवायला ३८ लागायचे, आता १४. प्लॅस्टिकच्या डब्या काढून स्टीलचे डबे आणले, रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परत येतो, धुण्याचे ४ पडतात. काकूंना ७० चे ७५ केले, कारण दोघी-तिघी सोडून जायच्या बेतात होत्या हे आम्हाला या सगळ्यात पहिल्यांदा कळलं. तीन वर्षांत आम्ही यूजरना अठ्ठावीस सर्व्हे पाठवले, काकूंना एकही नाही.

पहिल्या आठवड्यात ३४० चे १२० झाले. मित्राने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग हळूहळू वाढत आज १९० वर आहोत. जीएसटी काढून, गेटवेचे २ धरून डब्यामागे १९ रुपये उरतात. (ताळेबंदताई, तपासून घ्या.) महिन्याला ९४ हजारांच्या आसपास. ऑफिस सोडलं, मित्राच्या वरच्या खोलीतून चालवतो. डबे पोचवणारे सोडून बाकीच्या दोन मुलांचे पगार ६२ हजार, सर्व्हर-फोन ९. उरतात २३ हजार, दोघांत.

साडेअकरा-साडेअकरा हजार. याला नफा म्हणायचं का मला माहीत नाही, आमचे स्वतःचे पगार अजून त्यात नाहीत. मी संध्याकाळी एका कंपनीचं फ्रीलान्स काम घेतलंय. चार जणांना कामावरून कमी करावं लागलं, दोन-दोन महिन्यांचे पगार देऊन. त्यातल्या एकाला बर्नरेट यांनी खराडीत चिकटवून दिलं, ते स्वतः सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो.

ताळेबंद | रविवार, संध्याकाळी ५.१०

१२० मधून कर ५.७१, हातात ११४.२९, खर्च ९५. बरोबर, १९. स्टीलचे किती डबे परत येत नाहीत तेवढं वहीत लिहायला लागा, तो खर्च सहा महिन्यांनी दिसेल.

बर्नरेट | रविवार, संध्याकाळी ५.४४

मला अजूनही वाटतं घाई केलीत. पण १२० आगाऊ देणारे १९० लोक, हे मी कुणाही गुंतवणूकदारापुढे छातीठोकपणे मांडेन.

पोळपाट | रविवार, संध्याकाळी ६.०५

काकूंना ७५ देता हे इथे जाहीर लिहायची काय गरज होती? उद्या माझ्याकडच्या दोघी मागतील.

तीनचाकी | रविवार, रात्री ९.१५

वारजे माळवाडीचा मार्ग कुठून नेता? साडेबाराला हायवेच्या पुलाखालून नेऊ नका, अडकतो. आतल्या रस्त्याने न्या.

कर्वेनगरी | रविवार, रात्री ९.२८

उद्यापासून आतून नेतो, दादा.

कोथरूडकन्या | रविवार, रात्री ९.५०

माझं काय? दोन महिने झाले, अ‍ॅप म्हणतंय 'या मार्गावर जागा नाही'. भरल्या वांग्यांची आठवण येते हो.

कर्वेनगरी | रविवार, रात्री ९.५८

तुमच्या गल्लीत एक जागा एक तारखेला सुटतेय. नाव लिहून ठेवू?

कोथरूडकन्या | रविवार, रात्री १०.०१

ठेवा ठेवा. सासूबाईंच्या नंबरवरून भरू का पैसे?

कर्वेनगरी | रविवार, रात्री १०.०३

भरा. पूर्ण ३,१२०.